कंपनीच्या मॅनिफोल्डवर टर्बो

"ऐकू येतंय का मॅडम?" शिंदे बॉनेटखाली डोकं घालून ओरडले. "टिक-टिक करतंय. तडकलं बघा ते लोखंड. मी म्हणलं व्हतं."

मला ऐकू येत होतं. नसतं आलं तरी शिंद्यांच्या सुरावरून कळलं असतं.

मी पिंपरीतल्या एका इंजिन कारखान्याच्या टेस्टिंग विभागातून निवृत्त झाले. आता वाघोलीत शिंद्यांच्या गॅरेजमध्ये शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधते. गॅरेज शिंद्यांचं, डोकं माझं, आणि वाद दोघांचे.

ही गाडी रेवाची. रेवा शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीत घाटातल्या शर्यतीत उतरते. गेल्या वर्षी ती पहिली आली होती. ट्रॉफी हातात असताना तपासनिसांनी बॉनेट उघडलं आणि तिला बाद केलं. तिच्या गटात टर्बो चालतो, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टॉक लागतं. स्टॉक म्हणजे कंपनीतून गाडीबरोबर आलेलं. आधीच्या गॅरेजवाल्याने स्टीलच्या नळ्यांचं चकचकीत मॅनिफोल्ड बसवलं होतं, आणि नियम वाचायचं काम रेवावर सोडलं होतं. रेवाला वाटलं, त्याने वाचले असतील.

मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरचा धूर गोळा करून एका तोंडाने बाहेर सोडणारा ओतीव लोखंडाचा तुकडा. त्या तोंडावर टर्बो बसतो. धुराच्या जोराने टर्बोतला एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. बाकी सगळे बारकावे.

"स्टॉकवर टर्बो लावून काही होत नाही म्हणतात सगळे," रेवा पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"सगळ्यांनी लावून बघितलाय का?"

"नाही."

"मग म्हणू देत."

स्टॉक मॅनिफोल्ड आतून अरुंद असतं हे खरं. इंजिन अगदी वरच्या वेगाला गेलं की धूर तुंबतो. पण घाटात वळणामागून वळण येतं. तिथे वरचा वेग गाठतंय कोण? तिथे वळणातून बाहेर पडताना लगेच जोर लागतो. जाड लोखंड उष्णता धरून ठेवतं आणि गरम धूर पंखा लवकर फिरवतो. मला हेच हवं होतं.

ओतीव लोखंडाला वेल्डिंग केलं तर ते जोडाशेजारी तडकण्याची भीती असते. म्हणून आम्ही मधे जाड स्टीलची प्लेट घातली आणि टर्बो बोल्टने कसला. मॅनिफोल्डचा बसायचा पृष्ठभाग लेव्हल करून घेतला. डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर उभी करून ताकद मोजतात त्या यंत्रावर, आकडे मनासारखे आले. रेवाने शिंद्यांना पेढे भरवले. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर पळवून आणली आणि हे टिक-टिक सुरू झालं.

शर्यत तोंडावर आली होती. रेवा शाळेतून थेट गॅरेजवर आली. तिने आवाज ऐकला आणि स्टुलावर बसली.

"मॅडम, खरं सांगा. होत नसेल तर टर्बो काढा. मी तशीच उतरते. पण परत सगळ्यांसमोर काही नको."

"आधी बघू तरी दे. तपासायच्या आधी निकाल लावायला मी काय शिंदे आहे?"

"ऱ्हाऊ द्या," शिंदे म्हणाले.

इंजिन गार होऊ दिलं. एक्झॉस्टच्या शेवटच्या टोकातून ब्लोअरने हवा मारली आणि मॅनिफोल्डवर साबणाचं पाणी शिंपडलं. बुडबुडे आले ते फक्त चौथ्या सिलिंडरपाशी. मॅनिफोल्ड उतरवलं. तडा शोधायचं लाल रसायन लावून भिंगातून पाहिलं. तडा नव्हता. चौथ्याकडचा नट सैल होता आणि तिथलीच गॅस्केट, म्हणजे सांध्यातून धूर निसटू नये म्हणून घालतात ती पट्टी, जळली होती.

"नवा नट टाकू, आवळून बसवू," शिंदे म्हणाले.

"आणि हा का सुटला?"

"नट हाय. सुटतो."

"बाकीचे सुटले नाहीत."

नाना पेठेतून नवी गॅस्केट आणली, सगळं परत बसवलं. मग रेवाला गाडीत बसवून मी ॲक्सिलरेटर झटक्याने दाबायला सांगितलं, आणि बॉनेटखाली बघत राहिले. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. झटका दिला की ते एका बाजूला कलतं. ते कलत होतं. टर्बोही कलत होता. पण टर्बोखालचा पाइप गाडीच्या चासीला घट्ट आवळलेला होता. तो जागचा हलत नव्हता. दर झटक्याला तो टर्बोला खाली खेचत होता आणि ती सगळी ओढ चौथ्याच्या नटावर येत होती.

"शिंदे, इकडे या. काय दिसतंय?"

शिंद्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं. "पाइप वडतोय की ओ!"

पाइप कापून मधे जाळीचा लवचिक तुकडा घातला. टर्बोच्या वजनाला इंजिनवरूनच ब्रॅकेटचा आधार दिला, आणि ब्रॅकेटचं भोक लांबट ठेवलं. लोखंड तापून पसरलं की त्याला सरकायला जागा हवी. रेवाने गाडी पुन्हा पळवून आणली. गार झाल्यावर सुरू केली. आवाज नाही. शिंद्यांनी तिसऱ्यांदा सुरू करायला लावली. तरीही नाही.

शर्यतीत रेवा दुसरी आली. पहिला आलेला मुलगा खरोखरच चांगला चालवत होता. शेवटी तपासनीस टॉर्च घेऊन आले. गेल्या वर्षीचेच. रेवा माझ्याशेजारी उभी होती.

"हे मॅनिफोल्ड स्टॉक आहे?"

"अहो, हात लावून खात्री करून घ्या ना," मी म्हटलं.

तापलेल्या लोखंडाला त्यांनी हात लावला नाही. लोखंडात ओतलेला कंपनीचा नंबर ताडून पाहिला, मान हलवली, आणि कागदावर सही केली. रेवा रडली, मग हसली, मग म्हणाली, "एका वळणाला मीच गिअर चुकवला, मॅडम. नाहीतर पहिली होते."

"इंजिनाला नावं ठेवली नाहीस, यातच सगळं आलं," मी म्हटलं.

सांगायचं एवढंच. एखादी गोष्ट सुटली की लोक तीच आणखी आवळतात. त्याआधी तिला ओढतंय कोण ते बघावं. नट स्वस्त असतो, म्हणून दोष त्याच्यावर पटकन बसतो.