जाऊबाईंची बाटली

माझ्या मोठ्या जाऊबाई प्रयोगशाळेत पेशी सांभाळतात. बाटलीतल्या लालसर पाण्यात पेशी वाढतात, त्यांना वेळेवर खाऊ घालायचं. उपाशी राहिल्या की पाणी पिवळं पडतं. "भूक लागली की रंगाने सांगतात, तुझ्यासारखी कटकट नाही," असं त्या मला ऐकवतात.

त्यातली एक बाटली भाऊजींची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची. भाऊजींना जन्मात फ्लू झाला नाही. विषाणू दर वर्षी डोकं बदलतो, देठ मात्र तोच ठेवतो. भाऊजींच्या रक्तातल्या अँटिबॉडी नेमका तो देठ धरायच्या. म्हणून कुठल्याही फ्लूला त्या पुरून उरल्या. पुढे भाऊजी अपघातात गेले. अँटिबॉडी बनवणाऱ्या त्यांच्या पेशी बाटलीत राहिल्या.

उघड्या बाटलीवर बोलायचं नाही, हा तिथला पहिला नियम. श्वासातून जंतू पडतात. जाऊबाई मात्र रोज मास्कआडून पुटपुटायच्या, "गाडी चुकली हो." कारण भाऊजी होते तेव्हा त्या घरी आल्या की दारातच छेडायचे, "काय साहेब, आज उशीर?" मला हे सगळं थेर वाटायचं.

यंदा माझ्या लेकीचा फ्लू छातीत उतरला. औषधांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, "चाचणीतलं अँटिबॉडीचं औषध आहे. देऊ?" ते त्याच बाटलीतल्या पेशींपासून बनवलेलं होतं. मी हात जोडले.

ताप उतरला. जाऊबाई धावतपळत आल्या. पोरीने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलंही नाही.

"काय साहेब, आज उशीर?"

भाऊजी गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती. त्यांच्यामागे घरात ते वाक्य कुणी कधी उच्चारलं नव्हतं. जाऊबाई दचकल्या नाहीत. "गाडी चुकली हो," म्हणाल्या आणि पलंगावर टेकल्या.

मी डॉक्टरांना गाठलं. अँटिबॉडी अंगात काही महिनेच राहतात म्हणाले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आता संध्याकाळ झाली की पोरगी दाराशी खुर्ची टाकून जाऊबाईंची वाट बघते. मला आई म्हणते, पण पाहुण्यासारखी. मी दिवस ढकलतेय.

काल जाऊबाईंना म्हटलं, "थोडेच महिने. मग माझी पोर मला परत मिळेल."

त्या हसल्या. "अगं, लस तयार होतेय. ती टोचली की ह्याच अँटिबॉडी ज्याच्या त्याच्या अंगात कायम बनत राहतील. मग कुठलाच फ्लू नको नि भीती नको. सगळ्यांच्या आधी हिला टोचून घेऊ."

नको म्हणायला मी तोंड उघडलं, आणि दाराशी पोरगी खोकली.