साहेबांची ओळ

सोमवार होता. अहेरीचं आमचं ऑफिस नुकतंच उघडलं होतं, मी आवक-जावकच्या टेबलावर चहाची वाट बघत होतो... आणि शेफाली एक टाइप केलेला कागद घेऊन समोर उभी राहिली.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. ऑफिसचं नि साहेबांचं नाव लिहीत नाही, आता त्याची गरज उरलेली नाही.

शेफाली आमची टायपिस्ट. मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातली. नवरा आमच्याच खात्यात होता, तो वारल्यावर त्याच्या जागी लागलेली. घरी सासू आणि बालवाडीत जाणारी मुलगी... तिघींचं सगळं त्या टाइपरायटरवर.

कागदात साहेबांची तक्रार होती. पाच वाजून गेल्यावर डिक्टेशनला बोलावतात, दार लोटून घेतात, हात धरतात, नको ते बोलतात. तारीखवार लिहिलेलं. मूळ प्रत तिने जिल्ह्याच्या महिला तक्रार समितीला रजिस्टर पोस्टाने पाठवली होती, ही ऑफिसची. अशी समिती नेमा असं सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं. त्याचं परिपत्रक मीच आवक करून फाइलला लावलं होतं... वाचलं मात्र नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, थोडं दमानं घे."

"चाचा, तुमी फक्त शिक्का मारा. पोच पायजे मले."

मारला शिक्का.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. मी शिपाई म्हणून लागलो, रात्रशाळा नाही की कॉलेज नाही, जुन्या फायली वाचून वाचून लिखापढी शिकलो आणि बाबू झालो. म्हणून कामात आपण फार हुशार, असं वाटायचं. संध्याकाळी जावक रजिस्टर बंद करताना मी शेवटी एक नंबर टाकून पुढची ओळ कोरी सोडायचो. साहेबांना एखादं पत्र उशिरा आठवलं, तर मागच्या तारखेत बसवायची सोय. अख्खं ऑफिस तिला 'साहेबांची ओळ' म्हणायचं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू...

बुधवारी साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. एरवी घंटी वाजवायचे.

"रफीकभाऊ, गेल्या शुक्रवारची ओळ रिकामी आहे ना? एक बदलीचा आदेश आहे. नंबर द्या."

आदेश शेफालीचा. पार सिरोंच्याच्या पलीकडे, जिथे पावसाळ्यात गाडी जात नाही. लहान मुलगी नि म्हातारी सासू घेऊन ती तिथे जाणार नव्हती, नोकरीच सोडणार होती. आणि तारीख शुक्रवारची पडली, की तक्रार सोमवारची... म्हणजे बदली झाली म्हणून बाई चिडली नि खोटं लिहून मोकळी झाली. एका ओळीत दोन्ही कामं.

माझा पेन थांबला. बाजूच्या टेबलावरून बडेबाबू वामनराव हळूच म्हणाले, "लिहून टाका ना जी. आपल्याले नोकरी करा लागते, कोर्ट थोडी चालवा लागते."

मी लिहिलं. नंबर, तारीख, विषय, सगळं. आणि अगदी शेवटच्या 'शेरा'च्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'ही नोंद साहेबांच्या सांगण्यावरून आज बुधवारी केली.' खाली सही. साहेबांना फक्त नंबर हवा होता. तो घेऊन ते गेले. शेऱ्याचा रकाना आमच्याकडे तसाही कोणी वाचत नसे.

दुपारी शेफालीच्या हातात आदेश पडला. ती माझ्यापुढे आली. आधी तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"चाचा... तुमी बी?"

साहेबांचं दार उघडं होतं. मी एवढंच पुटपुटलो, "समिती आली की जावक रजिस्टर मागून घे." ती वळून गेली. रजेचा अर्ज टाकून घरी बसली. तिला कळलं की नाही, ते मला बरेच दिवस कळलं नाही.

समिती आली. तीन बाया नि एक पुरुष अधिकारी. शेफालीने सुरुवातीलाच सांगितलं, "रजिस्टर बघा." अध्यक्ष बाईंनी शुक्रवारची ओळ काढली, बोट सरकवत शेऱ्यापर्यंत नेलं आणि थांबल्या. मग मला आत बोलावलं.

मला वाटलं, शाबासकी मिळते. बाई मागची पानं उलटत होत्या... "आणि ह्या बाकीच्या कोऱ्या ओळी? ह्या कोणी सोडल्या?"

"मीच, मॅडम."

"कोणी सांगितलं होतं?"

कोणीच नव्हतं सांगितलं.

बदली रद्द झाली. साहेबांची चौकशी लागली नि त्यांना तिथून हलवलं. माझ्या सेवापुस्तकात ठपका आला, तो आजही आहे. तो बरोबरच आहे. शेरा मी एका दुपारी लिहिला. ओळी मात्र नऊ वर्षं रोज सोडत होतो... त्यातल्या किती ओळींत कोणाकोणाचं काय बुडालं असेल, मला ठाऊक नाही.

शेफाली कामावर आली त्या संध्याकाळी मी रजिस्टर बंद करत होतो. ती फुटपट्टी आणि लाल पेन घेऊन आली. शेवटच्या नोंदीला चिकटून सरळ रेघ मारली.

"इथी जागा नाई सोडायची ना चाचा?"

"नाई, बाई."

रिटायर होईपर्यंत मी रोज ती रेघ मारली. तिने माझे आभार कधी मानले नाहीत, मानायचं काही कारणही नव्हतं. पोच तिने मागितली होती, मी फक्त शिक्का मारला. त्या रेघेबद्दल आभार मीच मानायचे राहिले होते... ते आज इथे लिहितो आहे.