विसांची मोजणी

माझी माय विसांनी मोजायची. असोद्याच्या मळ्यांत केळीची लागवड निघाली की ती कंद लावायला जायची, आणि ते मोजायलाही तिलाच बोलावणं यायचं. वीस कंद झाले की एक खडा ओटीत, शेवटी खडे मोजायचे. "पन्नास ईसा," ती सांगायची, म्हणजे हजार. तिच्या मोजणीत एक कंद कधी इकडचा तिकडे झाला नाही. मी मात्र जळगावला अकरावी सायन्सला जात होते आणि मला त्या विसांची लाज वाटायची. "अडाण्यासारखं मोजत जाऊ नको," असं मी तिला चारचौघींत सुनावलं आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं आणि तिची कंबर गेली. वाकायचं काम बंद करा, डॉक्टरांनी सांगितलं. त्याच सुमारास गावच्या बालवाडीत मदतनीस घेणार असल्याचं कळलं. सावलीतलं काम, आणि लागवडीसारखं दिवसभर ओणवं राहणं नाही. मायला ती जागा हवीच होती. दोन महिने माझ्या मागे लागून ती सही शिकली. मुलाखतीला जळगावच्या कचेरीत मी तिच्यासोबत गेले.

साहेबांनी टेबलावरच्या पाट्यांच्या थप्प्या दाखवल्या. "या मोजा."

मायने भराभर मोजल्या. दर विसाला एक पाटी आडवी ठेवत गेली.

"चार ईसा न् तीन, साहेब."

शेजारचा कारकून फिसकन हसला. साहेबांनी विचारलं, "म्हणजे किती?"

मायने माझ्याकडे पाहिलं. त्र्याऐंशी हा शब्द तिला ठाऊक नव्हता, मला होता. तेवढाच सांगायचा होता. पण कारकून हसला होता, आणि मला हसणाऱ्यांच्या बाजूला बसायचं होतं. मी म्हणाले, "साहेब, तिला विसाच्या पुढे येत नाही."

साहेबांनी तिच्या नावावर काट मारली आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते घड्याळ साठांनी मोजत होतं. कचेरीबाहेर गाडीवाला केळी डझनाने विकत होता. त्यांना कोणी अडाणी म्हटलं नाही. आज मी मुलांना गणित शिकवते. दोनचा पाया, आठचा पाया, बाराचा पाया. विसाचाही शिकवते, आणि तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या दिवशी स्टँडवर असोद्याची गाडी लागली. गाडीत बसल्यावर मायने विचारलं, "तुले तं येत होतं ना, बाई?"

"हो," मी म्हणाले.

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी कमरेला फडकं आवळून ती कंद लावायला गेली, आणि पुढची अकरा वर्षं जात राहिली.