बैठकीची जमीन आणि पुढचं दार

आमच्या घराचं पुढचं दार मी बंद पाडलं, तेव्हा आम्ही तिघं आत होतो आणि सरकार बाहेर होतं.

सरकार म्हणजे रामदीन चपरासी. पण आधी जमिनीबद्दल सांगायला हवं.

संस्थान गेलं आणि मध्यभारत आला. त्याची राजधानी हिवाळ्यात आमच्या ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, असा माहेर-सासरचा प्रकार काही वर्षं चालला. अण्णा, म्हणजे माझे वडील, हिशेबाच्या कचेरीत होते. त्यांनी इंदूरचे उन्हाळे पोटदुखीवर निभावले (दर एप्रिलला दुखायचं). मग मध्यभारतही गेला, नवा प्रांत झाला आणि राजधानी निघाली भोपाळला. आमच्या माधवगंजातल्या गल्लीत सारखा कुणाच्या तरी घरापुढे टांगा उभा असायचा. ट्रंका चढायच्या, बायका डोळे पुसायच्या. संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसत, तर नमस्कार करायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं.

अण्णांना लष्कर, म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा भाग, सोडायचं नव्हतं. या खेपेला पोट पुरणार नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी घरातल्या जमिनीचं काम काढलं.

त्यांच्या जुन्या कचेरीची लाकडी जमीन उखडून विकायला ठेवली होती. अण्णांनी त्यातल्या नेमक्या आपल्या टेबलाखालच्या सागवानी फळ्या उचलून आणल्या. एका फळीवर त्यांच्याच दौतीचा डाग होता. या फळ्या आमच्या बैठकीच्या खोलीत बसवायच्या होत्या. "मतलब, सोपं आहे," ते आईला म्हणाले. "ज्याच्या घरात काम निघालंय, त्याची बदली कोण करेल? साहेब लोकांनाही घरं असतात." आईने माळ्यावरच्या ट्रंका उतरवल्या आणि उन्हात ठेवल्या.

कामाचा मुख्य मी. ओव्हरसियरची परीक्षा नुकताच पास झालो होतो, नोकरी नव्हती, आणि घरात माझं कुणी काही ऐकत नव्हतं. ही संधी मी सोडणार नव्हतो. फळ्या बसवण्याआधी खालची जमीन कोरडी, पक्की आणि सपाट हवी, असं माझ्या पुस्तकात होतं. आमची जुनी दगडी फरशी रस्त्याच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला, खचलेली होती. हे मात्र घरात सगळ्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. बैठकीत पंगत बसली की पानावरची आमटी दक्षिणेला निघायची. मानाचे पाहुणे उंचावर, उत्तरेच्या भिंतीशी. घरचे सगळे उतारावर. आमटीला भाताचा बांध घालायला मी बोलायच्या आधी शिकलो असेन.

आई या सगळ्यात एकदाच बोलली. "अहो, आमटीसुद्धा भोपाळकडेच पळते आहे."

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "वसंता, सपाट कर. बिलकुल सपाट."

मी कामाला लागलो. हललेल्या फरश्या काढल्या, ओली माती उपसली, रोडे भरून धुमसानं ठोकले, वर चुना आणि विटांची सुरखी ओतून दक्षिणेची बाजू उत्तरेच्या उंचीला आणली. मिस्त्री भला माणूस. मी काहीही सांगितलं तरी म्हणायचा, "हो जाएगा, बाबूजी," आणि तसंच करायचा (हाच घोटाळा). ओल्या चुन्यावर गल्लीतल्या बकऱ्या नाचू नयेत म्हणून पुढचं दार बंद ठेवलं. आम्ही मागच्या बोळातून ये-जा करू लागलो. अण्णा कचेरीतून आले की आधी बैठकीत जात आणि तळवा टेकून ओल किती राहिली ते बघत. कोरडं लागलं की त्यांचा चेहरा उतरायचा. काम जितकं लांबेल तितकं त्यांना हवं होतं.

शेवटी जमीन वाळली. मी पाणसळ ठेवून दाखवली. त्या बुडबुड्यावर अण्णांचा विश्वास बसेना. ते म्हणाले, पंगत बसव. पण पंगतीला माणसं कुठून आणायची? गल्ली रिकामी झाली होती. मग आम्ही तिघंच त्या एवढ्या मोठ्या खोलीत लांब लांब बसलो. अण्णा उत्तरेला, आई मध्ये, मी दाराशी. आईने आमटी वाढली आणि आम्ही तिघंही पानांकडे बघत राहिलो.

"राहिली," अण्णा हळूच म्हणाले. "आमटी राहिली." त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. "बाबूजी, हुकम आया है. दस्तखत कर दो." रामदीनचा आवाज होता.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. ते उठले, हात धुतले, खुंटीवरची टोपी घातली आणि दार ओढलं. दार हललं नाही. मी ओढलं. तरी हललं नाही. मग मी खाली बघितलं. दार आत उघडणारं, आणि जी बाजू मी उचलून घेतली होती ती नेमकी दाराचीच. दाराच्या दोन्ही फळ्यांचे पाय माझ्या चुन्यात पक्के रुतले होते. रामदीनने दाराखालून कागद सरकवून पाहिला. पण ज्या फटीतून पूर्वी मांजर यायची, ती मी चिणून टाकली होती.

त्याने मागच्या दाराने येऊ का म्हणून विचारलं. अण्णा ताठ झाले. "सरकारी कागद मी मागच्या दाराने घेत नाही. संस्थानात नाही घेतला, मध्यभारतात नाही घेतला."

खिडकीतून देऊ का? तर खिडकीतून भाजी घेतात, हुकूम नाही. रामदीन जुना माणूस, त्याला हे पटलं. तो ओट्यावर बसला. आईने गजांमधून त्याला चहा दिला. चहा संपल्यावर तो म्हणाला, "तो लिख देते हैं, बाबूजी. दरवाज़ा नहीं खुला."

हुकूम सहीवाचून परत जाणार होता; कित्येक महिन्यांनी अण्णा हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वसंता, पक्कं काम केलंस." जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाला चांगलं म्हटलं होतं.

आणि मला झोंबलं ते भलतंच! माझं पहिलं काम, आणि सरकारदरबारी लिहिलं जाणार की दार उघडलं नाही? मी छिन्नी-हातोडा आणला.

"राहू दे रे," अण्णा म्हणाले. "जेवून घे आधी."

"पाचच मिनिटं, अण्णा."

मी दाराशी चुना फोडायला लागलो. आई मला काहीतरी खुणावत होती, पण मी तंत्रात बुडालो होतो. बाहेरून रामदीनने खांदा लावला आणि दार उघडलं. अण्णांनी उभ्या उभ्याच सही केली. मग दार एकदा लावून बघितलं, पुन्हा उघडून बघितलं.

"छान उघडतंय," ते म्हणाले.

फळ्या जमिनीला लागल्याच नाहीत. त्यांची खोकी झाली. दौतीच्या डागाची फळी पितळेच्या भांड्यांवर ठोकून भोपाळला गेली. तिथल्या क्वार्टरची सिमेंटची जमीन अगदी सपाट होती. अण्णा पानातल्या आमटीकडे बघत बसायचे आणि भात तसाच राहायचा.

मला पुढे तिथेच बांधकाम खात्यात नोकरी लागली. पावसाळ्यात क्वार्टरांची दारं फुगून अडकतात, तक्रारी माझ्याकडे येतात, आणि मी उद्या बघू म्हणतो. अडकलेलं दार हा माणूस कधी वेळेवर सोडवत नाही, अशी खात्यात माझी ख्याती आहे. काय करणार? एकदा वेळेवर सोडवलं होतं.