आपांनी जुळवलेलं इंजिन

आपांना कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुणी बघितलं?" वॉचमन म्हणाला, टाकी भरली, की आपा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून विचारणार, "कुणी बघितलं?" लिफ्टवाला सांगून गेला की दुरुस्ती झाली, तर आपा त्याला परत बोलावून स्वतः चार वेळा वर-खाली करणार. त्यात संशय नसायचा आणि रागही नसायचा. त्यांना फक्त त्या माणसाचं नाव हवं असायचं, ज्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत हळूहळू सगळेच बघून बोलायला लागले, ते त्यांच्या धाकाने.

आपा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होत्या. इंजिनाचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर येत. भाग बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर लाल रंगाचा ठिपका. "माझ्या ठिपक्यापुढे साहेबांचंही चालायचं नाही," असं त्या सांगत. बढाई म्हणून नाही, जेवायला काय केलं ते सांगावं तसं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नसरीन पुण्याला असे. आपा एकट्या राहत, पण त्यांना एकटं वाटतंय असं आम्हाला कधी वाटलं नाही.

'थोडं' हा शब्द त्यांना खपत नसे. माझ्या बायकोने एकदा भाजीवाल्याला सांगितलं, थोडी कोथिंबीर दे. आपा शेजारीच उभ्या होत्या. "थोडी म्हणजे किती? तो त्याच्या मनाचं देईल, तू तुझ्या मनाचं धरशील, आणि भांडण होईल." बायको घरी येऊन हसत सुटली, पण त्या दिवसापासून तीही मला विचारायला लागली, "थोड्या वेळात येतो म्हणजे किती वाजता?"

माझी आणि आपांची खरी ओळख झाली ती माझ्या लाल गाडीमुळे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. गाड्यांचं वेड लहानपणापासून, ज्ञान शून्य. सिन्नरच्या एका कारखान्यात नोकरीला आलेला परदेशी इंजिनिअर जाताना त्याची दोन सीटांची, छत मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार इथेच सोडून गेला होता. माझा मेहुणा तिथे कामाला. शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली ती गाडी त्याने दाखवली आणि मी ती घेतलीच. सहा महिने मी राजा होतो. मग एका दुपारी मोहदरीच्या घाटात इंजिनाचा पट्टा तुटला.

इंजिनात खाली पिस्टन वर-खाली होतात आणि वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते कॅमशाफ्ट नावाचे दोन दांडे ठरवतात. माझ्या गाडीत पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा क्रँकशाफ्ट आणि वरचे दोन कॅमशाफ्ट एकाच रबरी पट्ट्याने बांधलेले होते. ती सांगड सुटली की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. माझ्या इंजिनात तेच झालं. अर्धे व्हॉल्व्ह वाकले. बाहेरून नवे मागवायला पाच महिने लागले, आणि ज्याने पाठवले त्याने कळवलं की हा त्याच्याकडचा शेवटचा संच. तोवर गाडी आमच्या पार्किंगमध्ये विटांवर उभी. सोसायटीचे सेक्रेटरी निकम साहेब रोज तिच्याकडे बघून सुस्कारा टाकत. शेवटी सभेत ठराव झाला, दोन महिन्यांत गाडी चालू करा, नाहीतर भंगारवाल्याला बोलवा.

एका रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये चटई टाकून, मोबाइलवर व्हिडिओ लावून इंजिन जोडत बसलो होतो. आपा भाजीची पिशवी घेऊन जात होत्या. थांबल्या.

"हेड घासून आणलंस का?"

मी चमकून वर बघितलं. "हो. अंबडच्या वर्कशॉपमधून."

"मग त्याची उंची कमी झाली. पट्ट्याचं अंतर बदललं. कंपनीने ठोकलेल्या खुणा आता पूर्ण खरं बोलणार नाहीत." त्यांनी पिशवी गाडीच्या सीटवर ठेवली, कमरेला खोचलेला मऊ मलमलचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. "आधी पूस. धुळीसकट काही मोजायचं नसतं."

त्या दिवसापासून आपा रोज संध्याकाळी खाली येऊ लागल्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्या सांगत, मी करत असे. कुठला नट आधी, कुठला नंतर, कुठे तेलाचं एक बोट, कुठे अजिबात नाही. चुकलो तर त्या ओरडत नसत. "परत काढ," एवढंच. एक नट मी सात वेळा परत काढला. आठव्यांदा त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

पट्टा चढवायचा दिवस आला. आधी कंपनीच्या खुणा जुळवायच्या, मग नेमकं मोजायचं, असं आपांनी ठरवलं होतं. दोन्ही कॅमशाफ्टच्या पुलींवर, म्हणजे पट्टा ज्यांवरून फिरतो त्या चाकांवर, दोन-दोन खुणा होत्या, एक 'आय', एक 'ई'. आत हवा घेणाऱ्या बाजूला 'आय' वर हवी, धूर सोडणाऱ्या बाजूला 'ई'. आपा वाकल्या, बोटाने खूण दाखवली आणि म्हणाल्या, "हा आय. बसव." मी बसवला. स्वतः वाचून बघितला नाही. आपांनी बघितलं होतं, मग मी कशाला बघू?

निकम साहेबही येऊन उभे होते. मी पाना लावून इंजिन हाताने फिरवू लागलो. पाऊण फेरा लोण्यासारखा गेला. मग टक् असा बारीक आवाज आला आणि पाना थांबला.

"नवीन जोडलंय, घट्ट असणार," निकम साहेब म्हणाले. "लावा जरा जोर."

मी लावणारच होतो. आपांनी माझं मनगट धरलं. "जोर नाही. हात काढ." मग हळूच विचारलं, "वरची खूण वाच. खरं सांग."

मी वाचली. "आपा, ई आहे."

त्यांनी पुली पुसली, सरळ बघितलं, मग मान तिरकी करून बघितलं. बराच वेळ. मग उठल्या आणि निकम साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चूक माझी आहे. मंगेशची नाही. मी बघितलं आणि चुकीचं बघितलं." आणि लिफ्ट समोर उघडी असताना जिन्याने वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खाली आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी हेड पुन्हा उतरवलं, व्हॉल्व्ह वाकलेत का ते कळावं म्हणून त्यांच्यावर रॉकेल ओतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. थेंबही झिरपला नव्हता. हळू फिरवल्यामुळे आणि वेळेवर थांबवल्यामुळे व्हॉल्व्ह वाचले होते. चौथ्या दिवशी मी वर जाऊन बेल वाजवली.

"व्हॉल्व्ह शाबूत आहेत, आपा."

"कुणी बघितलं?"

"मी. दोनदा."

त्यांनी मला आत घेतलं. चहा ठेवला. गॅसची ज्योत बघताना त्यांनी मान तशीच तिरकी केली, आणि मला एकदम कळलं की ही सवय मी कित्येक दिवस बघत होतो.

"सरळ बघितलं की मधोमध धूर दिसतो," आपा म्हणाल्या. "कडेने बघितलं तर जरा दिसतं. वर्ष झालं. कारखान्यात दरवर्षी आमचे डोळे तपासायचे. मी कधी नापास झाले नाही."

"नसरीनला माहीत आहे?"

"कुणालाच माहीत नाही. आता तुला." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "ज्याला दिसत नाही त्याने तपासणीच्या टेबलावर बसू नये, बेटा. लोकांचा विश्वास असतो. तू बघितलं पण नाहीस, इतका विश्वास. मला त्याचीच जास्त लाज वाटली."

मी जे खरं होतं तेच बोललो. "मला दिसतं, आपा, पण काय बघायचं ते कळत नाही. तुम्हाला ते कळतं. मी एकटा काही हे करू शकत नाही."

आपांनी आपला कप संपवला. मग म्हणाल्या, "मोजायला अंशांची चकती लागेल. तीनशे साठ अंशांची. आहे?"

"नाही."

"चित्रकलेचा मास्तर ना तू? मग काढ."

मी तीन संध्याकाळी ती चकती काढत होतो. हार्डबोर्डचा दोन फुटी गोल, पिवळी जमीन, त्यावर काळ्या रंगात जाड रेघा आणि लाडूएवढे आकडे. दर दहा अंशांवर कानशीने एक खाच. आयुष्यात इतकं मन लावून मी कुठलं चित्र काढलं नसेल. आपांनी ती मांडीवर घेतली, मान तिरकी केली आणि हसल्या. मग नखाने खाचा मोजत गेल्या. छत्तीस. उलट मोजल्या. छत्तीस.

"एक खाच थोडी सरकलीय," त्या म्हणाल्या.

"थोडी म्हणजे किती?" मी विचारलं.

आपा इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्यांनी दार उघडलं.

मग रविवार उजाडला. हेड पुन्हा चढवलेलं, खुणा या वेळी मी वाचलेल्या, तीन-तीनदा. चकती क्रँकशाफ्टला लावली. आपांनी त्यांचं जुनं डायल गेज लाकडी पेटीतून काढून दिलं. केसाइतकी हालचालही त्याचा काटा दाखवतो. पिस्टन नेमका वरच्या टोकाला कधी येतो ते आधी शोधायचं होतं. "तिथे तो क्षणभर विसावतो," आपांनी समजावलं, "त्यामुळे तिथे बघून काही कळत नाही. त्याला वर जाऊच द्यायचं नाही. अलीकडे अडवायचं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. आणि मधला बिंदू धरायचा." इतकी साधी गोष्ट मला इतक्या व्हिडिओंतून कळली नव्हती.

मग कॅमशाफ्ट. व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा चकतीवर किती अंश हवेत, त्याचा पुस्तकात आकडा होता एकशे दहा. आमचा आला एकशे चौदा. हेड घासल्याचा फरक, आपांनी पहिल्याच दिवशी सांगितलेला. पुलीचे नट सैल करायचे, तिला किंचित सरकवायचं, आवळायचं आणि परत सगळं मोजायचं. एकशे बारा. परत. एकशे आठ, जास्त झालं. परत. उन्हं पार्किंगमध्ये आली, पाठ मोडून आली. पाचव्यांदा मी म्हणालो, "एकशे दहा."

आपा खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. "बघून सांगितलंस, की हवं म्हणून सांगितलंस?"

मी पुन्हा वाकलो. चकती पुसली. परत वाचलं. एकशे अकरा होते.

"एकशे अकरा," मी म्हणालो.

"सगळ्यांचंच होतं," आपा शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या वर्षी माझंही व्हायचं. परत काढ."

दुसऱ्या कॅमशाफ्टसह सगळं जुळायला दुपारचे तीन वाजले. हाताने आठ पूर्ण फेरे फिरवले. पाना कुठेही अडला नाही. किल्ली फिरवताना मी आपांकडे बघितलं, तर त्यांचा तळवा इंजिनाच्या झाकणावर टेकलेला होता. दोनदा कुरकुर झाली, तिसऱ्यांदा इंजिन चालू झालं. सुरुवातीला खोकलं, मग एकसारखं घुमू लागलं. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. निकम साहेबांनी तर मला मिठीच मारली आणि मग शर्टाला ग्रीस लागलं म्हणून कुरकुरले. आपांनी हात काढला, मलमलच्या तुकड्याने पुसला आणि म्हणाल्या, "पास."

पुढच्या रविवारी मी त्यांना छत उघडं टाकून ओझरपर्यंत नेलं. कारखान्याच्या फाटकासमोर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. "एकतीस वर्षं इथून बसने घरी गेले," त्या म्हणाल्या. "रोज वाटायचं, आपण ज्याला शिक्का मारला ते आकाशात गेलं असेल, आपण मात्र बसमध्ये. आज मी शिक्का मारलेल्या गोष्टीत पहिल्यांदाच बसलेय." परतताना वाऱ्याने ओढणी उडू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती आणि त्या मला सारखं म्हणत होत्या, "अजून जोरात." थोडं अजून की जास्त, ते सांगायला मात्र विसरल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी नसरीनला फोन करून डोळ्यांचं सांगितलं. नसरीन आली, रडली, भांडली आणि दोन महिन्यांनी आपांना पुण्याला घेऊन गेली. आपा कुरकुरल्या नाहीत. जाताना डायल गेजची पेटी माझ्या हातात दिली. मी नको म्हणत होतो. "वापरली नाहीस तर परत घेईन," असं बजावून त्या नसरीनच्या गाडीत बसल्या.

आता त्यांना कडेनेही फारसं दिसत नाही. नसरीन सांगते, तब्येत छान आहे, नातीला पाढे शिकवतात आणि तिच्या मास्तरांना धारेवर धरतात. मी महिन्यातून एकदा तरी फोन करतो. मागच्या रविवारी पार्किंगमध्ये गाडी चालू करून ठेवली होती, तेव्हाच त्यांचा फोन आला. बोलता बोलता त्या थांबल्या.

"मागे तीच का?"

"हो."

"फोन तिच्याजवळ धर."

मी बॉनेट उघडून फोन इंजिनाजवळ धरला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. फोन कटला असेल असं वाटून मी कानाला लावला. "आपा?"

"आहे रे," त्या म्हणाल्या. "बोलू नकोस. अजून ऐकू दे."

मी फोन परत खाली धरला आणि तसाच उभा राहिलो.