हसरा चेहरा दाबायची सवय

फौजेतून निवृत्त होऊन तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावी परतलो, त्याला सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी बायको वारली. मुलगी पुण्याला, घरात मी एकटाच. झोप उडाली, माणसं नकोशी झाली, तेव्हा फौजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. मी किती चाललो, किती झोपलो, कुणाला फोन केला का, सगळं ते टिपायचं. रोज सकाळी पाच चेहरे दाखवून विचारायचं, 'आज कसं वाटतंय?' हे सगळं अंबडच्या एका माजी सैनिकाला दिसेल, तो तुमचा सोबती, असं बाईंनी सांगितलं होतं. मी सहीही केली होती.

मी रोज हसरा चेहरा दाबायचो आणि पुन्हा खाटेवर पडायचो.

एकदा सोबत्याचा फोन आला. "साहेब, चार दिवसांपासून तुम्ही घराबाहेर पडले न्हाई. तब्येत बराबर आहे ना?"

"पाळत ठेवून राह्यले का माझ्यावर?" मी ओरडलो आणि मोबाइल बंदच करून टाकला.

दोन दिवस घरात कसलाच आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर एक उंच, जरा लंगडणारा माणूस.

"फोन बंद दिसला, मंग एसटी धरून आलो."

आवाजावरून ओळखलं. मी त्याला चहाही विचारला नाही. तोच आत गेला, दूध नासलेलं पाहून कोरा चहा करून आणला. आपला चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मीबी दीड वर्ष हसराच दाबत होतो, साहेब."

काय झालं कोण जाणे, बर्फात गाडल्या गेलेल्या माझ्या पलटणीतल्या जोडीदाराबद्दल मी त्याला सांगितलं. पहारा माझा होता. मला ताप होता, म्हणून तो माझ्या जागी गेला. हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. 'तुमची चूक न्हाई' वगैरे तो काही म्हणाला नाही. ऐकत राहिला. साडेचारच्या गाडीनं गेला.

माणूस येऊन गेलं की घर जास्तच रिकामं वाटतं. दोन कप विसळले, मोबाइल सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रडका चेहरा दाबला.

आता डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या नेमानं घेतो. दर गुरुवारी अंबडला सोबत्याकडे जातो. एखाद्या गुरुवारी त्याचाच दिवस वाईट असतो, तेव्हा मी ऐकतो. उरलेले सहा दिवस घरात मीच असतो.