आधी पूजा, मग सुई, मग भाकर

मी अमृतप्पा, खजुरीचा. डोकं लवकर तापतंय माझं, गावात कुणालाबी विचारा. त्या दिवशी तर दवाखान्यात भांडायच्याच तयारीत होतो.

बायको बसम्माला शुगर. आठ दिवस वॉर्डात ठेवून सोडलं, तवा मल्लेश्वरी सिस्टरनं सांगितलं, "जेवणाआधी अर्धा तास इन्सुलिनची सुई टोचायची." घरी तसंच केलं. पण आम्हा लिंगायतांत गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याबिगर तोंडात घास घालत न्हाईत. हातावर लिंग घेऊन बसली की बसम्माला तासभर लागतोय. आम्ही सुई आधी टोचायचो, पूजा मग, भाकर त्याच्याबी मागनं. तिसऱ्या दिवशी ती घामानं थबथबली आन् बसल्या जागी कलंडली. लिंग तेवढं मुठीत घट्ट.

दवाखान्यात तिनं डोळे उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उघडले, आन् मी सिस्टरवर सुटलो. "काय सांगून सोडलात ओ? मेली असती की!"

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणली, "चूक माझी हाय अप्पा. सुई शिकवली, पण तुमचा दिवस कसा जातोय ते विचारलंच न्हाई."

असं म्हणणारं माणूस मला कुठल्याच दवाखान्यात भेटलं नव्हतं.

पुन्हा सोडायच्या आदल्या दिवशी ती स्टूल ओढून बसम्माच्या खाटेपाशी बसली. "अव्वा, उठल्यापासून निजेपर्यंत सगळं सांगा." पूजेचं ऐकून तिनं लिहिलं: आधी पूजा, मग सुई, अर्ध्या तासात भाकर. "आन् रोज असंच?"

"सोमवारी उपवास," बसम्मा म्हणली.

सिस्टरनं कपाळावर हात मारला. डॉक्टरला बोलावून सोमवारची सुई किती, खायचं काय, ते वेगळं लिहून घेतलं. मग मला म्हणली, "घरी कसं करणार ते आता तुम्ही सांगा, मी ऐकते." दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा बरोबर सांगितलं तवा कुठं सुटका झाली.

साल झालं त्याला. परवा बसम्माला घेऊन तपासणीला गेलो, तर सिस्टर एका म्हाताऱ्याच्या खाटेपाशी तेच स्टूल ओढून बसलेली. "उठल्यापासून सांगा मामा." म्हातारा कुरकुरायलता, बस चुकंल म्हणून.

मला ऱ्हावलं न्हाई. "सांग की बाबा सगळं! माझं माणूस जित्तं हाय ते ह्या पोरीच्या विचारण्यामुळं!"

सिस्टर मान वर न करता म्हणली, "अप्पा, हळू. वॉर्ड हाय हा."

मी म्हाताऱ्याच्या कानाशी वाकलो आन् हळूच म्हणलो, "उपवासाचंबी सांग."